फुकटचं अ‍ॅक्टिव्हेशन आणि आखूड लिंक: उघडायची का?

सुरंगी (मालवण): आमच्या होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक आखूड लिंक फिरतेय: 'विंडोज-ऑफिस कायमचं अ‍ॅक्टिव्हेट, फुकट', म्हणजे परवाना विकत न घेता. ज्यांनी उघडली त्यांना आधी जाहिराती, मग पासवर्ड लावलेली झिप आणि आत सूचना: 'अँटीव्हायरस बंद करा.' म्हणजे राखणीचा कुत्रा बांधा, मग आम्ही येतो! असली लिंक टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढावं, असं माझं मत.

कातळकडा (कुडाळ): काय्येक होना नाय गो. माज्या झेरॉक्सच्या दुकानातलो पीसी असल्याच टूलवर चलता. अँटीव्हायरस असल्या सगळ्याच टूलाक, म्हणजे क्रॅकाक, व्हायरस म्हणता. पावसात गिऱ्हाईक नाय, हजारो रुपये खंयसून घालू?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण): काही झालं नाही हे कळणार कसं? असल्या टूलमधून घुसणारे चोर प्रोग्रॅम पीसी बंद पाडत नाहीत. 2021 मध्ये केएमएसपिको या असल्याच टूलच्या नकली इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा प्रोग्रॅम पसरत असल्याचं उघड झालं. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन झाल्याची ब्राउझरने जपलेली खूण) उचलतो. लॉगिनची कुकी गेली की बरेचदा ओटीपी विचारलाच जात नाही, चोर थेट आत. तुमच्या दुकानात लोक स्वतःचा मेल उघडून आधार नि सातबाऱ्याच्या प्रिंट काढतात ना? त्यांचं काय?

दर्यावर्दी (वेंगुर्ला): पण लिंकला कशाला झोडपताय? लग्नाच्या हॉलचा नकाशासुद्धा आखूड लिंकनेच येतो. बिटली या लिंक आखूड करणाऱ्या सेवेच्या लिंकच्या शेवटी अधिकचं (+) चिन्ह लावा, कुठे जाते ते न उघडता दिसतं.

सुरंगी: दिसतं ते पहिलं दार. पुढे ती आणखी चार ठिकाणी उड्या मारते, त्याचं काय? शिवाय शेवटच्या पानावरची फाइल मालक कधीही बदलू शकतो.

वाशिष्ठीकाठ: आणि 'कायमचं' ही तर थापच. असली बरीच टूल्स ज्याची नक्कल करतात ते केएमएस म्हणजे मायक्रोसॉफ्टने कंपन्या-संस्थांसाठी केलेली सोय. त्यातलं अ‍ॅक्टिव्हेशन 180 दिवसच टिकतं, मग नूतनीकरण. म्हणून असली बरीच टूल्स पीसीत ठाण मांडून राहतात, अ‍ॅडमिनचे (पीसीत काहीही बदलायचे) अधिकार घेऊन. वर कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब आहेच: जाणूनबुजून चोरटी प्रत वापरली तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद. दुकानदाराने तरी हे लक्षात ठेवावं. ऑफिससारखंच लिब्रेऑफिस फुकट आहे, ते का नको?

कातळकडा: तेच्यात गिऱ्हाइकाची वर्डची फाइल उघडली की तक्ते हय-थय पळतत. शिव्या माका पडतत, तुमका नाय.

दर्यावर्दी: हे मात्र खरं आहे.

कातळकडा: बरा, मेल उघडूक गिऱ्हाइकांका दुसरो पीसी देतंय, विंडोजच्या जागेर लिनक्स घालून. पण तक्त्यांचो पीसी हलवचंय नाय. ऑफिस विकत घेवचा तर आधी प्रिंटचो दर वाढवूक होयो, आणि तो वाढवलंय तर समोरच्या दुकानाक गर्दी.