मदत हवी आहे : बारीक आवाजातही भरीव वाजणारे स्पीकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या वडगावात राहतो. दिवसभर शेजारच्या मागांचा खडखडाट, त्यामुळे गाणं ऐकायचं ते रात्री दहानंतरच. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते, म्हणून आवाज अगदी बारीक. तिथंच सगळं बिघडतं. कुमार गंधर्वांचा (आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे ते) स्वर ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमार आणि तानपुऱ्याचा खर्ज गायब! आवाज वाढवला की दोन्ही परत येतात.

यात आपल्या कानाचाही भाग आहे. आवाज कमी केला की खालचे सूर जास्तच क्षीण वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्यासाठीच, म्हणजे बारीक आवाजात खर्ज उचलून द्यायला, असायचं.

खोली १० बाय १२ फूट, बजेट २५ हजार. बुकशेल्फ (म्हणजे फळीवर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरची जोडी भिंतीजवळ ठेवून भागेल, की छोटा सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) हवाच? भिंतीपलीकडे खर्जच आधी पोचतो, ही धास्ती आहे. लाउडनेसवाला जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणं बरं का? हेडफोन नको, बाबाही सोबत ऐकतात. कोल्हापूर किंवा हुबळीला येऊन ऐकून बघायचीही तयारी आहे. कुणी रात्री असं हळू आवाजात ऐकत असाल तर काय वापरता, जरूर सांगा.