बाबांचं ओमेगा: कंपनीत पाठवू की मडगावच्या घड्याळवाल्याला देऊ?

अंत्रुजकन्या
नमस्कार मंडळी. बाबा तारवटी, बोटीवर असताना १९९६ साली दुबईत घेतलेलं ओमेगा सीमास्टर आहे आमच्याकडे. निळी लाटांची डायल, ३०० मीटरवालं, ऑटोमॅटिक, बाँडच्या हातात असायचं तसलंच. बाबांचा हात आता थरथरतो, पट्ट्याचं लॉक त्यांना लावायला जमत नाही, म्हणून डिसेंबरात भावाचं लग्न आहे तेव्हा ते त्याला द्यायचं असं घरात ठरलंय. पण घड्याळ धड चालत नाहीय. दिवसभर हातात असलं तरी रात्री काढून ठेवलं की पहाटे कधीतरी बंद पडलेलं असतं आणि चालू असतं तेव्हाही मागे पडतं. शेवटचं सर्व्हिसिंग बाबा रिटायर व्हायच्या आधी, म्हणजे दहा-बारा वर्षं तरी सहज झाली.

पणजीत शोरूमला दाखवलं. ते म्हणाले मुंबईला जाणार, तिथे उघडून इस्टिमेट देतील, पण साठ हजारांच्या वर धरून चाला, दोन-तीन महिने लागतील, शिवाय डायल आणि काटे पिवळे पडलेत तेही बहुतेक बदलायला सांगतील, त्याचे पैसे वेगळे. मडगावला बाजारात एक वयस्कर घड्याळवाले आहेत, बाबांच्या ओळखीचे, एचएमटीच्या जमान्यापासून दुकान आहे, ते म्हणतात नऊ हजारात करून देतो, आठवडाभर ठेवा माझ्याकडे.

भाऊ म्हणतो कंपनीच. बाबा म्हणतात मडगाव. आईचं म्हणणं साठ हजारात सुनेला सोन्याचं काहीतरी होईल, घड्याळ चालतंय तसं चालू दे. मी मधल्यामधे. कोणी असं घड्याळ कुठे दिलंय का, काय बघून ठरवावं?

कॅप्टन_वास्को
ताई यात विचार करण्यासारखं काय आहे? लाखांची वस्तू बाजारातल्या स्टुलावर उघडायला द्यायची? कंपनीत द्या, दोन वर्षांची सर्व्हिस वॉरंटी मिळते, ओरिजिनल पार्टस् पडतात, पाण्याचं टेस्टिंग होऊन येतं. नऊ हजारात फक्त तेल घालून देणार तो.

टिकटिक_म्हापसा
कॅप्टन, इतकं सरळ नाही ते. ओमेगा हे नाव बघून ठरवू नका, आत मशीन कुठलं आहे ते बघून ठरवा.

तुमचं वर्णन वाचून ते मॉडेल नंबर २५३१.८० वाटतंय, त्यात कॅलिबर ११२० (कॅलिबर म्हणजे आतलं मशीन) असतं. हे मशीन ओमेगाने ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या २८९२-ए२ वर बनवलेलं, फिनिशिंग वरचं, ज्वेल (चाकांची टोकं टेकतात ते खडे) २१ च्या जागी २३, पण हाड तेच. आणि २८९२ हे जगात इतक्या ब्रँडच्या घड्याळात गेलंय की ज्याचा हात बसलाय अशा कुठल्याही कारागिराला ते नवीन नाही, सेलिटा या दुसऱ्या कंपनीचं एसडब्ल्यू३०० ही तर त्याचीच नक्कल. त्यामुळे स्प्रिंग वगैरे झिजणाऱ्या गोष्टी मिळू शकतात. हेच घड्याळ नंतरचं असतं, डायलवर को-ॲक्सियल लिहिलेलं, तर मी डोळे मिटून कंपनी सांगितलं असतं. ते एस्केपमेंट (टिकटिक करत चाकांची गती आवरणारा भाग) जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराने काढलेलं, ओमेगाने १९९९ पासून वापरलं, त्याला तेल कुठे किती हे शिकलेला माणूस बाहेर क्वचित सापडतो, आणि एक थेंब चुकीच्या जागी गेला तर चालण्यावर लगेच दिसतं.

आता पार्टस् बद्दल. ओमेगाची मालक कंपनी स्वॉच ग्रुप, त्यांनी २०१५ च्या अखेरीला बाहेरच्या होलसेलर लोकांना पार्टस् द्यायचं बंद केलं. त्यामुळे आज कुठलाही बाजारातला घड्याळवाला तुम्हाला म्हणाला की ओमेगाचा ओरिजिनल पार्ट घालतो तर शांतपणे विचारा, कुठून आणला? जुना स्टॉक असेल, दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेला असेल, नाहीतर मग कॉपी. पहिल्या दोन्हीत वाईट काही नाही, फक्त त्याने आधी सांगायला हवं.

डायलचं मात्र नीट ऐका. सहाच्या खाली भिंगाने बघा, स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना बारीक टी दिसतो का. दिसला तर ठिपक्यांत चमकण्यासाठी भरलेलं ते ट्रिटियम, किरणोत्सर्गी द्रव्य. त्याचं अर्धआयुष्य साधारण १२ वर्षं, म्हणजे अंधारात चमकायचं ते केव्हाच संपलं आणि ठिपके क्रीम-पिवळे झाले, वयाने होतात तसे. हा खराबपणा नव्हे, जुन्या घड्याळांचे शौकीन याच रंगासाठी जास्त पैसे मोजतात. बदललेला डायल चकचकीत दिसेल, पण १९९६ चं घड्याळ उरणार नाही ते. फक्त ठिपक्यांची पावडर सुटत असेल, काचेच्या आत कण दिसत असतील, तर ते मशीनमध्ये जाऊ शकतात, मग बदलायचा विचार करावा लागतो.

आणि कंपनीत दिलंच तर फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा, पॉलिश नको. फुल सर्व्हिसमध्ये केस आणि पट्टा घासून नवा करणं आलंच, आपण अडवलं नाही तर करतात, आणि या मॉडेलचे वळणदार लग (केसची पट्टा जोडायची टोकं) एकदा गोल झाले की परत येत नाहीत.

दर्यावर्दी
टिकटिक बरोबर आहे पण दुसरी बाजू पण सांगतो. माझं स्पीडमास्टर मी ओळखीच्या एका दुकानात दिलं होतं, नाव नको. घड्याळ चालू होऊन आलं, खूश होतो. नंतर कधीतरी दुसऱ्या माणसाने झाकण उघडलं तर आत स्क्रूच्या खाचा चावून टाकलेल्या, एका पुलावर (चाकं धरून ठेवणारी पट्टी) स्क्रूड्रायव्हर घसरल्याची लांब चरी, आणि चावी (बाजूचं फिरवायचं बटण) बाहेरून ओमेगाचं चिन्ह असलेली पण बनावट. कंपनीत नेलं तर ते म्हणाले बाहेरचे पार्टस् काढून आमचे घातल्याशिवाय सर्व्हिस करणार नाही, त्याचं बिल सर्व्हिसच्या वर. म्हणजे स्वस्तात करायला गेलो आणि दुप्पट. मला घड्याळवाल्यांबद्दल राग नाही, पण डोळ्यांवर भिंग आहे म्हणजे हातही तसाच हे धरून चालू नका मरे.

साखळीकर
पाण्याचं कोणी धड बोललंच नाही. गोव्यात घड्याळ मरतं ते दमटपणाने आणि खाऱ्या पाण्याने. ३०० मीटर हे नवीन रबरांवरचं. गॅस्केट बारा वर्षांत दबून सपाट झालेली असते, मागच्या झाकणाची, चावीच्या नळीतली, आणि या सीमास्टरला दहाच्या बाजूला जो हेलियम व्हॉल्व (खोल पाण्यातल्या पाणबुड्यांसाठी आत शिरलेला वायू सोडायची झडप) आहे त्याचीही, ती सगळे विसरतात. मडगावच्या काकांकडे प्रेशर टेस्टिंगचं मशीन आहे का विचारा. नसेल तर भाऊ ते घालून मिरामारच्या समुद्रात पण उतरणार नाही हे आधी ठरवा.

कॅप्टन_वास्को
आणि मुंबईला पाठवायचं तर कुरियरने नको. बहुतेक कुरियरवाले घड्याळाचा पूर्ण विमा करतच नाहीत, हरवलं की बोंबला. शोरूम पाठवत असेल तर पावतीवर सिरियल नंबर आणि किंमत लिहून घ्या, स्वतः नेणार असाल तर मडगावहून कोंकणकन्या पकडा, सकाळी सीएसएमटीला.

अंत्रुजकन्या
देव बरें करूं सगळ्यांना! शनिवारी बाबांना घेऊन मडगावला गेले, फक्त उघडून बघा आणि सांगा, काम नको अजून, असं काकांना आधीच बजावलं.

आता काय काय झालं ते लिहिते. काकांनी आधी ब्रशने झाकणाच्या खाचांतला मळ काढला, चौकटीत घड्याळ घट्ट पकडलं आणि झाकण फिरवून काढलं, कुठे ओरखडा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, ते म्हणाले उघडणारा माणूस तारीख लिहून ठेवतो. बाबांनी लगेच ओळखलं, एक सिंगापूरचं आणि दुसरं मुंबईचं. तेवढ्यावरून बाबा सिंगापूरच्या गोष्टी सांगायला बसले ते अर्धा तास, दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक पण ऐकत उभं.

रबर रिंग चिमट्याने उचलली ती रिबिनसारखी चपटी, मधेच तुटून हातात आली. गंज नाही, एका चाकाच्या टोकाशी तपकिरी पावडर दिसली, काका म्हणाले तेल सुकून धातू घासतोय, असंच चालवत राहिला असता तर ते चाकच गेलं असतं (आईला हे वाक्य दोनदा ऐकवलं). मग पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) ठेवलं. रोजचे २२ सेकंद मागे, ॲम्प्लिट्यूड (आतलं झुलतं चाक किती अंश फिरतं ते) २०४. आणि टिकटिक बाब, तुम्हाला आवडेल असं एक, त्यांनी टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (घड्याळाच्या मशीनप्रमाणे आधी भरायचा कोन) ५२ होता तो ५१ केला आधी, मला तेव्हा काही कळलं नाही, घरी येऊन शोधलं.

पार्टस् कुठून असं विचारलं तर सरळ म्हणाले, स्प्रिंग मी ईटीएची घालीन, ओमेगाची माझ्याकडे येत नाही. ते पावडरीचं चाक झिजलंय की नाही ते धुतल्यावर कळेल, झिजलेलं निघालं तर फोन करीन, विचारल्याशिवाय बदलणार नाही. झाकणाची रिंग आहे, चावीची नळी मात्र माझ्याकडे मिळणार नाही आणि पाण्याचं मशीनही नाही, पाण्यात घालायचं असेल तर माझ्याकडे देऊ नका. डायलला हात लावणार नाही, टी आहे दोन्ही बाजूंना, पावडर सुटलेली नाही.

भाऊ हॉटेलात रिसेप्शनला आहे, पोहायला त्याला तसंही येत नाही, तारवट्याचा मुलगा असून! त्यामुळे काकांनाच द्यायचं ठरतंय. काय लिहून घेऊ त्यांच्याकडून?

टिकटिक_म्हापसा
जो माणूस काय जमणार नाही ते आधी सांगतो त्याला मी देईन. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डायल जवळून, झाकणाच्या आतले आकडे, मशीनवरचा नंबर, लग. पावतीवर मॉडेल, सिरियल आणि स्प्रिंग ईटीएची हे लिहून घ्या. जुने पार्टस् परत मागा, तुटलेली रिंगसुद्धा. पुढे कधी विकलं किंवा कंपनीत दिलं तर काय बदललं याचा हिशेब हातात असतो.

काम झाल्यावर टाइमग्राफर डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तिन्ही स्थितीत लावून दाखवायला सांगा. पूर्ण चावीवर डायल वर असताना २७० च्या पुढे ॲम्प्लिट्यूड आलं की झालं काम. आणि पूर्ण चावी देऊन टेबलावर ठेवून बघा, ४४ तासांच्या आसपास चाललं पाहिजे.

कॅप्टन_वास्को
मी अजूनही म्हणतो कंपनी. पण काकांनी पाण्याचं स्वतःहून सांगितलं ते मानलं. पुढच्या वेळी नळी आणि सगळी रबरं कंपनीतून करून घ्या, ओमेगा स्वतः ५ ते ८ वर्षांनी सर्व्हिस सांगते, तोपर्यंत भावाचा पगार वाढेल.

दर्यावर्दी
मधल्या काळात भांडी घासताना, मोटरसायकलवर पावसात, हे पण पाण्यातच धरा. काच आतून धूसर झाली की त्याच दिवशी काकांकडे, उन्हात वाळवत बसू नका.

अंत्रुजकन्या
भांडी आणि तो? 😄 पण पावसाचं सांगते त्याला. चवथ झाल्यावर देते, म्हणजे लग्नाआधी महिनाभर घालून रोजचा फरक लिहायला वेळ मिळेल. नळीच्या भावाचं शोरूमला विचारून ठेवते, कळलं की इथे टाकते.