स्टील गिटार: आधी कोणाला ऐकावं?

कोथरूडकर: व्हॅन शिप्ले यांनी वाजवलेली सिनेगीतं ऐकून मुलीला स्टील गिटार शिकायची ओढ लागली आहे. पुढे कोणाला ऐकावं? घरच्या साध्या गिटारवर जमेल?

मींडप्रेमी: ब्रिजभूषण काब्रा! सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) अस्सल सरोदच्या अंगाची. एकच आलाप पुन्हापुन्हा ऐकवा.

सहावी तार: जमेल. एक्स्टेंशन नट (मानेच्या टोकाला तारांखाली बसणारी उंच पट्टी) बसवून तारा उचला. ओपन डी लावा, म्हणजे मोकळ्या तारा जाड तारेपासून अशा जुळवा: डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. नेहमीच्या जुळणीपेक्षा चार तारा उतरतात, चढत एकही नाही, म्हणून मानेवर ताण वाढत नाही.

मींडप्रेमी: बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीच्या, बरोबर वर धरायचा, मागे राहिला की स्वर उतरतो. खरखर आली तर बारमागे बोटं तारांवर अलगद टेकवायला सांगा.