मिगीला ठेवलं, व्हर्लँडरला जाऊ दिलं, मग आता स्कूबलचं काय करायचं?

नोव्हीकर

नमस्कार मंडळी, डेट्रॉइट भागातले बरेच जण इथे असतात म्हणून विचारतोय. मी मूळचा चिंचवडचा, २०१५ पासून नोव्हीत, गाड्यांच्याच धंद्यात. बेसबॉलचं वेड लेकामुळे लागलं, तो १२ वर्षांचा आहे, डावखुरा आहे आणि पिचिंग करतो, त्यामुळे त्याच्या खोलीत भिंतीवर आपल्या डेट्रॉइट टायगर्सचा डावखुरा पिचर टारिक स्कूबल सोडून दुसरं काही नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सिएटलला प्लेऑफची ती पाचवी मॅच झाली ना, स्कूबलने ६ इनिंगमध्ये १३ जण स्ट्राइकआउट केले, त्यातले ७ तर ओळीने, तो बाहेर आला तेव्हा आपण २-१ ने पुढे होतो आणि शेवटी १५ इनिंग खेळून ३-२ ने हरलो. रात्रीचा १ वाजून गेला होता, पोरगं हातात ग्लव्ह घालून सोफ्यावर बसलेलं, मी टीव्ही बंद केला तरी उठेना.

आता मुद्दा असा की २०२६ चा सीझन संपला की स्कूबल फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, त्याचं. लेक म्हणतो काय वाट्टेल ते द्या पण ठेवा. ऑफिसात मात्र जेवायच्या टेबलावर रोज वाद, अर्धे म्हणतात आत्ताच ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन, बदल्यात चार चांगली पोरं पदरात पाडून घ्या, आणि मी काही बोलायला गेलो की जुने लोक एकच वाक्य बोलतात, 'मिगीचं काय झालं ते बघितलंस ना?'

मी बघितलं पण शेवटचं. मिगी म्हणजे आपला बॅटर मिगेल कॅब्रेरा, मला तो उमेदीतला बघायला मिळालाच नाही म्हणा. म्हणून जाणकारांना विचारतो, त्याला एक्स्टेन्शन देणं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढवून देणं, खरंच एवढं चुकलं का? आणि आपला पिचर जस्टिन व्हर्लँडरला ट्रेड केला ते तरी बरोबर होतं का? एकाच टीमने एका म्हाताऱ्याला ठेवलं आणि दुसऱ्याला सोडलं, दोन्हीतून शिकायचं काय?

डावरा_ट्रॉय

नोव्हीकर, मी १९९९ पासून इथे आहे, टायगर स्टेडियममधला शेवटचा सीझन बघितलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मिगीचं एक्स्टेन्शन मार्च २०१४ चं. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत तो काय होता हे आधी लक्षात घ्या. २०१२ ला ट्रिपल क्राउन, म्हणजे बॅटिंग सरासरी, होमरन आणि आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन) या तिन्हींत लीगमध्ये पहिला: .३३०, ४४ होमरन, १३९ आरबीआय, १९६७ च्या यास्ट्रेम्स्कीनंतर हे कुणाला जमलं नव्हतं. २०१२ आणि २०१३ लागोपाठ एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. असा माणूस टीममध्ये असताना 'देऊ नका' म्हणायला छाती लागते, आणि मी पण तेव्हा म्हणालो नव्हतो, हे खरं सांगतो.

पण लोक २४८ मिलियन डॉलरच्या आकड्यावरच अडकतात. आकडा सोडा, तारीख बघा. जुन्या कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षं, २०१४ आणि २०१५, अजून शिल्लक होती. कुणी मागे लागलं नव्हतं, तो कुठे पळून चालला नव्हता. नवीन ८ वर्षं सुरू झाली २०१६ ला, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, आणि संपली २०२३ ला, चाळिशीत. हे कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं थांबून केलं असतं तर २०१५ चं त्याचं पोटरीचं दुखणं बघून केलं असतं.

आता त्या ८ वर्षांतले होमरन वर्षावार्षी मांडतो: ३८, १६, ३, १२, १०, १५, ५, ४. बेरीज १०३. त्यातले ३८ पहिल्याच वर्षात, उरलेल्या ७ वर्षांत मिळून ६५. २०१८ च्या जूनमध्ये बॅट फिरवताना त्याच्या दंडाचा स्नायूबंध तुटला तो क्षण मी टीव्हीवर पाहिलाय, स्विंग पूर्ण झाला आणि त्याने लगेच हात धरला, चेहऱ्यावरनंच कळलं. आणि शेवटच्या दोन वर्षांत पगार होता वर्षाला ३२ मिलियन. बेसबॉलमध्ये कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, खेळाडू खेळो न खेळो पैसे पूर्ण द्यायचे, अमेरिकन फुटबॉलसारखं मधेच कापता येत नाही. शिवाय १० वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची ५ एकाच टीममध्ये झाली की त्याच्या मर्जीशिवाय ट्रेडही करता येत नाही. म्हणजे एकदा सही झाली की टीमचे दोन्ही हात बांधलेले.

आणि सगळ्यात मला जे सलतं ते वेगळंच आहे. त्याच आठवड्यात आपल्याच पिचरने, मॅक्स शर्झरने, टायगर्सची ६ वर्षं १४४ मिलियनची ऑफर नाकारली होती. तो पुढे वॉशिंग्टनला ७ वर्षं २१० मिलियनवर गेला आणि तिथे २०१६ आणि २०१७ ला साय यंग जिंकला, २०१९ ला वर्ल्ड सिरीज पण. ज्याला वाढवून द्यायला हवं होतं त्याला नाही दिलं, आणि ज्याची घाई नव्हती त्याला दिलं.

मंजिरी_पिट्सबर्ग

तुमच्या भांडणात मी परगावची, पण आमच्याकडचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचा अँड्र्यू मॅककचन, आम्ही त्याला कच म्हणतो. २०१३ चा एमव्हीपी, आणि त्याच वर्षी पायरेट्सने ओळीने २० हरलेल्या सीझनची साखळी तोडली. २० वर्षं हो! माझं लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हरतच होते. त्या माणसाने या गावाला परत स्टेडियमवर आणलं. आणि जानेवारी २०१८ मध्ये, कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलेलं असताना त्याला सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेड केला. दोन दिवस आधी आमचा पिचर गेरिट कोलला ह्युस्टनला पाठवलेला. मी त्या आठवड्यात रडलेय, खरंच.

पण मग त्या ट्रेडमध्ये आलं कोण, तर ब्रायन रेनॉल्ड्स. नावही माहीत नव्हतं कुणाला. तोच पुढे २०२१ ला ऑल स्टार झाला आणि २०२३ ला त्याला पायरेट्सने १०० मिलियनच्या वर एक्स्टेन्शन दिलं. त्याच २०२३ मध्ये कच एका वर्षाच्या ५ मिलियनवर घरी परत आला! घरच्या पहिल्या मॅचला तो बॅटिंगला आला तेव्हा लोक उभे राहिले ते बसेचनात, त्याने हेल्मेट काढून चारी बाजूंना दाखवलं, शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात धरला होता. त्या दिवशी लेफ्ट फील्डला रेनॉल्ड्स आणि बॅट हातात घेऊन कच, दोघं एकाच टीममध्ये.

म्हणून माझं म्हणणं, ट्रेड म्हणजे माणसाला विसरणं नव्हे. वेळेत सोडलं तर माणूस मानाने परतही येतो. अर्थात कोलच्या बदल्यात चौघं मिळाले त्यातून पायरेट्सचं काही भलं झालं नाही, तेही सांगते, म्हणजे ट्रेड केला की सोनंच हाती लागतं असं नाही.

नोव्हीकर

डावरादादा, वर्षावार होमरनची ती ओळ लेकाला दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही.

पण एक गोष्ट माझीही ऐका. एप्रिल २०२२ ला मिगी २९९९ हिटवर होता तेव्हा मी गुरुवारी दुपारी सुट्टी टाकून लेकाला घेऊन कोमेरिकाला, टायगर्सच्या स्टेडियमला, गेलो होतो. यांकीज समोर. आठव्या इनिंगमध्ये तो आला आणि त्यांनी त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे मारायची संधीच न देता पहिल्या बेसवर पाठवला. अख्खं स्टेडियम ओरडत होतं, माझा तेव्हा ८-९ वर्षांचा पोरगा खुर्चीवर उभा राहून बू करत होता, त्याला नियम पण धड माहीत नव्हते! शुक्रवारची मॅच पावसाने गेली आणि शनिवारी पहिल्याच इनिंगमध्ये राइट फील्डला सिंगल, ३०००. त्या दिवशी समोर असलेल्या कोलोरॅडोच्या टीममधला त्याचा जुना जोडीदार इग्लेसियास धावत येऊन त्याला मिठी मारून गेला, त्याची आई मैदानावर आली. शनिवारचं आम्ही घरी टीव्हीवर बघितलं आणि माझी बायको, जिला बेसबॉलशी काही देणंघेणं नाही, तिच्याही डोळ्यांत पाणी.

हे सगळं दुसऱ्या कुठल्या शर्टात झालं असतं तर माझा पोरगा आज पिचिंग करत असता का? मला नाही वाटत. टीम तेव्हा काही जिंकत नव्हती, लोक यायचे ते मिगीसाठीच. याची किंमत त्या २४८ मध्ये कुठे धरायची?

कॅन्टनचा_सुहास

नोव्हीकर, तुम्ही म्हणता ते मनाला पटतं पण २०१९ विसरू नका, ११४ मॅच हरलो त्या वर्षी. माणसं मिगीसाठी यायची कारण बघायला दुसरं काही नव्हतंच.

व्हर्लँडरचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. ३१ ऑगस्ट २०१७, मध्यरात्रीची डेडलाइन. त्याच्याकडे नो-ट्रेड होता, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड करता येत नव्हता, त्याने हो म्हटलं ते शेवटच्या काही मिनिटांत. वय ३४, पुढची दोन वर्षं २८-२८ मिलियन देणं बाकी, आणि त्यातले वर्षाला ८ मिलियन टायगर्सने स्वतःच्या खिशातून भरायचं कबूल केलं तेव्हा सौदा झाला. बदल्यात फ्रँकलिन पेरेझ, डॅझ कॅमेरॉन आणि जेक रॉजर्स. पेरेझ या तिघांतला मोठा मोहरा म्हणून आणला होता, त्याचा खांदा दुखत राहिला आणि तो मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकू शकला नाही. कॅमेरॉन आला, टिकला नाही. उरला रॉजर्स, कॅचर, २०२३ ला २१ होमरन मारले आणि २०२४ ला दहा वर्षांनी प्लेऑफला गेलो तेव्हा स्कूबलचे बॉल झेलायला तोच बसला होता.

आणि व्हर्लँडर? ह्युस्टनला जाऊन त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, मग २०१९ ला साय यंग, २०२२ ला अजून एक साय यंग आणि अजून एक वर्ल्ड सिरीज. म्हणजे ज्याला म्हातारा म्हणून सोडला तो पुढे पेटला आणि ज्याला तरुण धरून ठेवला त्याचं शरीर थकलं. वयाचा हिशोब सरासरीत बरोबर असतो पण एकेका माणसाला लागू पडत नाही.

तरीही मी म्हणतो तो ट्रेड करायलाच हवा होता. चूक ट्रेडमध्ये नव्हती, उशिरात होती. टीम उतरणीला लागलीये हे २०१५ लाच कळलं होतं, प्राइस आणि सेस्पेडेस या मोठ्या खेळाडूंना तेव्हाच विकलं, मग मधेच परत पैसे ओतून दोन वर्षं काढली. मालक माइक इलिच यांना जाण्याआधी एक वर्ल्ड सिरीज बघायची होती, त्यांचं ते मन मी समजू शकतो, २०१७ च्या फेब्रुवारीत ते गेले. पण ट्रेड करायचाय तर टीम हरायला लागली की पहिल्याच वर्षी करावा. आणि टीम जिंकत असेल तर करूच नये.

म्हणून स्कूबलला या हिवाळ्यात ट्रेड करायला माझा ठाम विरोध आहे. लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफ खेळलेली टीम आहे ही.

डावरा_ट्रॉय

सुहास, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. आणि कॉन्ट्रॅक्ट द्यायचं तर वर्षाचा पगार वाढवून द्या पण वर्षं कमी धरा. ६ वर्षं द्या, मागेल तेवढे द्या, चौतीस-पस्तिशीला थांबा. त्याने १० मागितली तर २०२६ त्याच्या जिवावर खेळा, जिंकायचा प्रयत्न करा आणि मग जाऊ द्या. तेव्हा ड्राफ्टमधला एक पिक, म्हणजे एक नवीन पोरगा निवडायचा हक्क, मिळेल तेवढाच मिळेल.

नोव्हीकर, मिगीच्या ३००० चं तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मी त्या गुरुवारी वरच्या डेकमध्ये होतो.

नोव्हीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मंजिरीताई, तुमचा किस्सा लेकाला वाचून दाखवला (मराठी वाचायला त्याला वेळ लागतो). त्याने विचारलं की कच पाच वर्षांनी परत आला तेव्हा त्याचा जुना २२ नंबर त्याला परत मिळाला का. मी म्हटलं हो, मिळाला. मग म्हणाला, ठीक आहे, मग सहा वर्षं.

डावरादादा, एप्रिलच्या तिकिटांचं बघतोय, येणार असाल तर चार काढतो.