शेवटच्या अधिवेशनाचं भाकीत: पंडित दरवेळी आपटतात का?

हलगेकर: सभागृहाची मुदत संपत आली की चॅनलवर राजकीय पंडितांना ऊत येतो. सप्टेंबर 2023 आठवा. 18 ते 22 संसदेचं विशेष अधिवेशन जाहीर झालं, विषय गुलदस्त्यात. कोणी 'एक देश एक निवडणूक' म्हणालं, कोणी समान नागरी कायदा, कोणी तर देशाचं नावच बदलून मोकळा. निघालं महिला आरक्षण, लोकसभेत 454 विरुद्ध 2. जानेवारी 2019 मध्येही चर्चा राममंदिराच्या अध्यादेशाची. सरकारनं 10 टक्के आर्थिक आरक्षण दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार केलं. चुकल्याचा जाब कुणी विचारत नाही, म्हणून ही ठोकाठोकी.

निपाणीवाला: विषयच सांगितला नाही तर बिचारे करणार काय? आणि त्या अंदाजांत महिला आरक्षणही होतं की.

हलगेकर: दहा नावं घेतल्यावर एक लागणारच! त्याला अभ्यास म्हणायचं?

खानापूरकर: दिल्ली राहू दे, आपल्या दारातलं बघा. डिसेंबर 2022, तेव्हाच्या कर्नाटक विधानसभेचं बेळगावच्या सुवर्णसौधमधलं शेवटचं अधिवेशन. लिंगायतांमधला पंचमसाली समाज 2ए या मागास प्रवर्गातल्या आरक्षणासाठी अडून बसलेला. चर्चेत दोनच बाजू ऐकल्या: देणार, नाहीतर लटकवणार. 29 तारखेला मंत्रिमंडळानं काढले भलतेच दोन प्रवर्ग, वक्कलिगांना 2सी आणि लिंगायतांना 2डी. ना होकार, ना नकार. मार्चमध्ये मुस्लिमांचं 4 टक्के आरक्षण काढून या दोघांत वाटलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ही वाट सांगणारा मला तरी एकही भेटला नाही.

शहापूरची: सीमाप्रश्नावर तरी बरोबर आले ना? 22 डिसेंबरला इथं ठराव, 27 ला नागपुरात.

हलगेकर: ताई, अधिवेशन लागलं की महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारणार आणि सीमेवरून गरमागरमी होणार, हे टिळकवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. उलट 14 डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं, तेव्हा 'आता वाद निवळला' म्हणणारे कमी नव्हते. आठवडाभरात ठराव!

निपाणीवाला: तुम्ही नेम चुकला म्हणता, मी म्हणतो प्रश्नच चुकीचा विचारतात. नोव्हेंबर 2017 घ्या, तेव्हाही मे मधली निवडणूक तोंडावर. खासगी दवाखान्यांवरच्या विधेयकाविरुद्ध डॉक्टर बेळगावात ठाण मांडून, पेशंटचे हाल. 'सरकार विधेयक गुंडाळणार' असं पंडित छातीठोक सांगत होते. गुंडाळलं नाही, पण त्यातली धार काढून मंजूर केलं. मंजूर की नामंजूर एवढंच विचारलं तर उत्तर चुकणारच. सभागृहात मधलंच काहीतरी होतं आणि ते ठरतं बंद खोलीत.

हलगेकर: मग बंद खोलीतलं माहीत नाही म्हणावं. टाय लावून तासभर कशाला बोलायचं?

शहापूरची: 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला परत कोण बोलावतंय!

खानापूरकर: या विधानसभेची मुदत 2028 मध्ये संपते. म्हणजे डिसेंबर 2027 चं अधिवेशन इथं भरलं तर ते तिचं इथलं शेवटचं. पंडितांना नावं ठेवताय, तर आत्ताच लिहा बघू काय होणार.

निपाणीवाला: उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर चर्चा शेवटच्या दोन दिवसांत, अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर. लावता पैज?

हलगेकर: यावर नाही लावत.