३१५ बोअरची काडतुसे घरी भरण्यासाठी दारू कोणती घ्यावी?

प्रश्न (मोहोळ, जि. सोलापूर)
वडिलांच्या पश्चात त्यांची ३१५ बोअरची रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. काडतुसे परवडेनाशी झाली आहेत आणि सोलापुरात ती वेळेवर मिळतातच असे नाही. त्यामुळे जपून ठेवलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भराव्यात, असा विचार आहे. टेक्सासला असलेला माझा आतेभाऊ हे काम घरच्या गॅरेजमध्ये करतो. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत जी काळी दारू वापरत, ती यात चालेल काय? नसेल तर कोणती घ्यावी?

उत्तर १ (वकील, सोलापूर शहर)
दारू कोणती, हा पुढचा प्रश्न झाला. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीत भरायची दारू, काडतुसाचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. आपला परवाना रायफल बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. कलम ५ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याविना निर्मिती केल्यास किमान सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. एवढी जोखीम पत्करण्याइतकी काडतुसे महाग नाहीत.

उत्तर २ (दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, अक्कलकोट रस्ता)
वकीलसाहेबांच्या म्हणण्यात मला भर घालायची नाही. मात्र काळ्या दारूबद्दलचा गैरसमज दूर करतो. तिच्यात साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि राख होऊन उरतो, तो नळीत साचतो आणि ओल धरून नळी गंजवतो. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू तयार केली, तेव्हापासून रायफली तिच्याच हिशेबाने घडवल्या जातात. उलट ही दारू ठासणीच्या बंदुकीत घातली, तर नळी हातातच फुटू शकते.
वडिलांच्या वेळची भरलेली काडतुसे पत्र्याच्या खोलीत असतील, तर तीही वापरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात अशा खोलीत जी भट्टी पेटते, तिच्यात दारू टिकवणारे द्रव्य हळूहळू संपते आणि दारू आतल्या आत कुजते.

उत्तर ३ (टेक्सास)
दादा, मीच तो आतेभाऊ. येथे हे कायदेशीर आहे, म्हणून मी करतो. तरी ‘जोरदार दारू कोणती’ असे येथेही कोणी विचारत नाही. पाहायचा असतो तो जळण्याचा वेग. पिस्तुलाची दारू झटकन जळते; रायफलीला सावकाश जळणारी लागते, कारण जड गोळी लांब नळीतून ढकलायची असते. झटपट जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत गेली, तर गोळी हलण्याआधीच दाब भलताच चढतो. डब्यांतल्या दारूंवर ग्रॅफाइटचा मुलामा असल्यामुळे सगळ्याच करड्या दिसतात, म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हा माझा नियम आहे. वजन ग्रेनमध्ये असते आणि एका ग्रॅमला पंधराहून अधिक ग्रेन भरतात. म्हणजे एकक चुकले की संपले. दारूच्या उत्पादकाने त्या गोळीसाठी आणि त्या काडतुसासाठी छापलेल्या कोष्टकाबाहेर मी एक ग्रेनही जात नाही. इतके करूनही गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येक पुंगळीत डोकावतो, आणि दोन वर्षांपूर्वी एकीत दारू दुप्पट पडलेली मला दिसली होती.
मामांची रायफल आहे, दादा. काडतुसे परवानाधारक दुकानातूनच घे.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. काडतुसे दुकानातूनच घेईन. पत्र्याच्या खोलीतल्या डब्यात वडिलांची नऊ भरलेली काडतुसे आहेत. ती कोठे जमा करायची, हे विचारायला सोमवारी पोलीस ठाण्यात जाणार आहे.