झुरळं, वाळवी, सोंडे, उंदीर: पुण्यातल्या घरांचे बारा महिन्यांचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात मिक्सर उचलून ओटा पुसत होते. मिक्सरच्या मागे भिंतीच्या फटीशी भाताच्या शिताएवढी तपकिरी डबी पडलेली दिसली. अंगावर बारीक आडव्या रेघा, एका कडेने उसवलेली, आत काही नाही. झुरळाच्या अंड्यांची डबी होती ती, आणि रिकामी होती, म्हणजे पिल्लं केव्हाच घरात पसरली होती. आठ महिन्यांपूर्वीच पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. मला वाटलं होतं, वर्षभर बघावं लागणार नाही.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. आपण किडा दिसला की धावतो, पण तो दिसायच्या आधी कोणत्या महिन्यात काय करायला हवं होतं, हे ज्यांच्या घरात घडून गेलंय त्यांनाच माहीत असतं. म्हणून पुण्यातल्या सगळ्यांना विनंती: तुमच्या घरात नेमकं काय झालं, कधी लक्षात आलं, काय केल्यावर परत आलं नाही, ते लिहा. जे उपाय फसले तेही लिहा, त्यांचाही उपयोग होईल.

कर्वेनगर

ताई, ती लहान, फिकट झुरळांची डबी. डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतात ना, ती. त्यांची मादी डबी पोटाला चिकटवूनच हिंडते आणि पिल्लं निघायच्या सुमारास टाकते. एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. फवाऱ्याने समोरची मरतात, पण डबीतली अंडी सहसा वाचतात, म्हणून महिन्याभरात पुन्हा तेच.

आमच्याकडे जेलने (झुरळं ते खाऊन मरतात) फरक पडला, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी जेल लावलं आणि रात्री झुरळ दिसलं म्हणून वरून स्प्रेही मारला. त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकलीच नाहीत. दुसऱ्यांदा आलेल्या मुलाने मला शेजारी बसवून दाखवलं: मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, ट्रॉलीच्या बिजागरीत, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, फ्रिजच्या मोटरच्या बाजूला. महिनाभर तिथे ना फिनेल, ना स्प्रे. आणि सिंकखालची गळती आधी बंद करा. झुरळाला खाणं नसलं तरी बरेच दिवस चालतं, पाणी लागतंच. आम्ही रात्री झोपताना सिंक कोरडं पुसतो. वर्षभर, रोज.

बिबवेवाडी

मोठी तांबडी झुरळं वेगळी, ती ड्रेनेजमधून वर येतात. मे महिन्यात आम्ही महिनाभर कोकणात होतो. परत आलो तर बाथरूममध्ये पंधरा-वीस. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाइपाच्या वळणात साठून राहणारं पाणी उन्हाने आटलं होतं आणि वाट मोकळी झाली होती. आता घर बंद ठेवायचं असलं की प्रत्येक जाळीवर पालथी ताटली ठेवतो आणि शेजारच्या वहिनी आठवड्याला एकेक तांब्या पाणी ओततात. तीन वर्षं झाली, एकही नाही.

शनिवार पेठ

मी साठवणीचं लिहिते. लग्न होऊन आले त्याला बेचाळीस वर्षं झाली, तेव्हापासून वर्षाचा गहू घरात भरतो. एप्रिलमध्ये मार्केट यार्डातून लोकवन आणायचा, गच्चीत दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायचा. इथेच बहुतेकींची चूक होते: ऊन खाल्लेला गहू गरम असतानाच डब्यात भरतात. झाकणाला आतून घाम येतो आणि त्या ओलीवर सोंडे पोसतात. गहू संध्याकाळी आत आणून रात्रभर चादरीवर गार होऊ द्यावा, सकाळी भरावा.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून स्वच्छ दिसतो आणि श्रावणात डबा उघडावा तर आत चालती फौज. म्हणून चाळणं पुरत नाही, ऊन लागतंच. मग एरंडेल. तळहात ओले करून गव्हाला चोळायचं, दाण्यावर नुसती चकाकी यावी, निथळायला नको. तूरडाळीलाही तेच. आमच्या सासूबाई डब्याच्या तळाशी कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालायच्या, मीही घालते. बिब्बे घालत नाही, नातीच्या हातावर एकदा बिब्बा उतला होता. तांदळाला बोरिक पावडर लावायचे, तेही बंद केलं. खायच्या वस्तूत ती पोटात जाणार, आणि घरात लहान मूल आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. गोदामात धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या असतात त्या कुणी कितीही सांगो, राहत्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो माणसं मारतो, शेजारच्या खोलीत झोपलेलीसुद्धा.

रवा, बेसन, शेंगदाणे पावसाळ्यात थोडेच आणावेत. सून आणल्या आणल्या चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग डब्यात भरते. हे मला तिने शिकवलं आणि ते माझ्या रवा भाजून ठेवण्यापेक्षा सोपं आहे.

सिंहगड रस्ता

तळमजला, 1998 चं बांधकाम. दरवर्षी गणपतीचं मखर आणि दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून बाथरूमच्या वरच्या माळ्यावर ठेवायचो. त्या वर्षी चतुर्थीच्या आठ दिवस आधी शिडी लावून खोकं ओढलं तर ते नको इतकं हलकं लागलं. खाली घेतलं आणि तळ माळ्यावरच राहिला. वडिलांच्या हातचं लाकडी मखर बाहेरून रंगासकट जसंच्या तसं होतं. बोट टेकवलं तिथे ते पापडासारखं आत गेलं. मी शिडीवरच बसून राहिलो.

भिंतीवर, कोपऱ्यातून माळ्यापर्यंत, पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढलेली होती. स्क्रूड्रायव्हरने चार बोटं नळी फोडली. आत पांढरट, मऊ वाळवी धावत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर फोडलेल्या जागेतली दोन बोटं त्यांनी बांधून काढली होती. नवी माती गडद आणि ओली होती, जुनी फिकट. त्या ओल्या मातीने मला कळलं की यांना पाणी इथेच मिळतंय. बाथरूमच्या भिंतीतला पाइप झिरपत होता.

आधी प्लंबर, मग वाळवीवाले, हा क्रम लक्षात ठेवा. भिंतीत ओल राहिली तर औषध घालूनही ती दुसरी वाट शोधते. नंतर भिंतीच्या कडेने फूटभर अंतराने भोकं पाडून औषध सोडलं आणि व्हाइट सिमेंटने बुजवलं. जमिनीखालून येणाऱ्या वाळवीला नुसता वरून फवारा काहीच करत नाही. फवारून जाणारा कुणी स्वस्तात भेटला तर नाही म्हणा.

आता मी वर्षातून दोनदा टॉर्च घेऊन फिरतो, होळीनंतर आणि गणपतीच्या आधी. दाराच्या चौकटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकतो, पोकळ आवाज आला की थांबतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलीत, पुठ्ठ्याची खोकी घरातून काढून टाकली. आणि पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारे पंखवाले किडे, म्हणजे वाळवीच, बाहेरून आले तर घाबरायचं कारण नाही, खिडक्या लावा आणि दिवा तासभर बंद ठेवा. पण खिडक्या बंद असताना घरातच पंखांचा ढीग सापडला, तर वारूळ जवळपास आहे असं समजा.

एरंडवणे

2024 च्या जूनमध्ये आमच्या भागात झिकाचे रुग्ण सापडले, तेव्हा माझ्या वहिनीला पाचवा महिना होता. झिकाने बाळाच्या मेंदूला धोका असतो हे वाचल्यावर आम्हाला झोप लागेना. तोवर डास म्हणजे नदीचा, गटाराचा अशी समजूत होती. झिकाचा आणि डेंगीचा डास मात्र आपल्या घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो.

आम्ही त्या दिवशी घरात सात जागा शोधल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, कूलर, गच्चीतलं टाकीचं वाकडं झाकण, रंगाचा जुना डबा, न वापरलेल्या बाथरूमचा फ्लश. सातवी मला कधी सुचली नसती: फ्रिजच्या मागे पाणी साठायचा ट्रे. बॅटरी मारली तर त्यात अळ्या वळवळत होत्या. आमच्या स्वयंपाकघरात!

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामं केलं की साखळी तुटते. पण नुसतं ओतून टाकू नका, कडा घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात. आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी दोन घरांची पाळी असते. बाळ आता चालायला लागलंय, पाळी चालू आहे.

सहकारनगर

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. पाणी दोन दिवसांत गेलं, घुशी आणि उंदीर राहिले. भिंतीखालची बिळं फुगून मोकळी झाली होती. घाईने विष ठेवलं. एक उंदीर पीओपीच्या छतात जाऊन मेला आणि बारा दिवस घरात बसवेना. विष परत ठेवलं नाही.

पिंजरा लावतो, आत कांदाभजं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटा बंद करणं. जिथून पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं. गॅसच्या, एसीच्या आणि मोरीच्या पाइपाभोवतीची फट, सगळीकडे तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट, आणि दाराखाली पट्टी. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात. हे मे महिन्यात करा, कारण पावसात बिळांत पाणी गेलं की ते घराकडेच येणार. उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो, म्हणून लेंड्या झाडू नका, पाण्यात ब्लीच घालून ओल्या करा आणि हातमोजे घालून पुसा.

आजी 'उंदीर पडला' हे शब्द घरात उच्चारू द्यायची नाही. तिच्या सासरी 1897 च्या प्लेगात घर सोडून माळावर झोपडीत राहिल्याच्या आठवणी होत्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एक गाव म्हणून आपण हे विसरावं असं मला वाटत नाही.

आणि चिचुंद्री मारू नका. ती लांब नाकाची, चीं चीं करत भिंतीकडेने जाते. ती उंदीर नाही, किडे आणि झुरळं खाते. दार उघडं ठेवा, जाईल.

औंध

घरात मांजर असेल तर फवाऱ्याच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असतं. आमची माऊ दोन दिवस थरथरत होती, वेळेवर नेली म्हणून वाचली. माशांच्या टाकीलाही तेच.

डेक्कन

मी पीजीत राहतो. जुनी कॉट घेतली आणि तिच्यातून ढेकूण आले. काकू-काकांनी लिहिलेल्यापेक्षा वेगळा किडा आहे, पण पुण्यात शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलांना भेटतो. गादी दोन दिवस उन्हात टाकली, काही झालं नाही, ते कॉटच्या सांध्यात होते. रक्त न मिळताही ते कित्येक महिने जगतात, त्यामुळे खोली बंद ठेवूनही भागत नाही. एकाने रॉकेल सुचवलं, ते करू नका, खोलीत आग लागेल. शेवटी वाफेच्या इस्त्रीने प्रत्येक शिवण आणि सांधा हळूहळू शेकला, कपडे कढत पाण्यात धुतले, आणि दहा दिवसांनी सगळं पुन्हा केलं, कारण अंडी नंतर फुटतात. तीनदा केल्यावर संपले. आता जुनं काही घेतलं तर जिन्यातच उघडून बघतो.

सदाशिव पेठ

पुस्तकांना कसर लागते ती पावसाळ्यात, दिसते ऑक्टोबरात. आमच्याकडे खंडेनवमीला पूजेसाठी चार पुस्तकं नाही, अख्खं कपाट रिकामं होतं. प्रत्येक पुस्तक उघडून झटकतो, दसऱ्याच्या उन्हात तासभर उभं ठेवतो, फळ्या कोरड्या कापडाने पुसतो. परत लावताना भिंतीला न टेकवता.

कर्वेनगर

ताई, तुमच्याकडे पुढे काय झालं?

धागा काढणारी

परवा प्लंबर येऊन गेला. सिंकखालचा नट सैल होता, थेंब थेंब पडत होतं. बिजागऱ्यांत जेलचे ठिपके लावलेत, स्प्रेचा डबा शेजारी देऊन टाकला. काल रात्री दोन वाजता दिवा न लावता टॉर्च घेऊन गेले. ट्रॉलीखाली सहा लहान होती, आज चार. फ्रिजमागचा ट्रेही पाहिला, एरंडवण्याच्या ताईंमुळे. त्यात पाणी होतं, अळ्या नव्हत्या. घासून ठेवलाय.